प्राथमिक शाळेतले अनुभव: गोव्यातल्या शिक्षकांनो, लिहा

नमस्कार. सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी शिकवते, यंदा 19वं वर्ष. शाळा एकशिक्षकी, पहिली ते चौथी एकाच खोलीत. ‘पंधराच तर मुलं’ असं लोक म्हणतात. पण पहिलीतल्याचा हात धरून ‘ग’ गिरवून घेत असते, तेवढ्यात चौथीतली भागाकार घेऊन पुढ्यात उभी!

मुलांच्या घरी कोकणी, पुस्तक मराठी. सुरुवातीला कुत्र्याचं चित्र दाखवलं तर अख्खा वर्ग ओरडला, ‘सुणें!’ तेव्हा मी त्यांना दुरुस्त करत बसले, त्याचं आजही वाईट वाटतं. आता दोन्ही शब्द फळ्यावर लिहिते.

एक मुलगा तिसरीत आला तरी वाचत नव्हता. पुस्तक उघडलं की मान खाली. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी वर्गात छोटी माटोळी (गणपतीच्या वर रानातली फळं बांधून टांगतात ती) बांधायची ठरली, तर हा पिशवी भरून रानातलं घेऊन आला. कांगण्या, घागऱ्या, आंबाडे, कवंडळ. मी कवंडळ हातात घेतलं तसा म्हणाला, ‘टीचर, हें खावपाचें न्हय.’ प्रत्येक फळाचं नाव मी चिठ्ठीवर लिहून दिलं, दोऱ्याने बांधायचं काम त्याचं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर बोट ठेवून त्याने वाचलं, क... वं... डळ. मग एकेक करून सगळ्या चिठ्ठ्या.

तुमचेही अनुभव लिहा, अडचणींसकट.

वास्कोहून
माझ्या वर्गात कन्नड आणि हिंदी बोलणारी मुलं जास्त, आईवडील बांधकामावर. एक मुलगी जूनपासून दिवाळीपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी तिच्याकडे मध्यान्ह आहाराचे पाव वाटायचं काम दिलं. एक दिवस ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, ‘बाई, पाव संपले.’ मला रडूच आलं. जानेवारीत काम संपलं आणि कुटुंब दुसरीकडे गेलं. तिची वही अजून माझ्या कपाटात आहे.

डिचोलीहून, निवृत्त
माझी शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. शेवटच्या वर्षी चार मुलं होती. 2011 साली इंग्रजीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरलं, आणि त्यानंतर आमच्या गावातले पालक भराभर तिकडे वळले. त्यांना दोष देत नाही, मुलाचं बरं व्हावं असंच कुणालाही वाटतं. पण कुलूप लावलं त्या दिवशी पायरीवर बराच वेळ बसून होतो.

पेडण्याहून
मी नवीन आहे. शिकवायचा कंटाळा कधीच येत नाही, पण मतदार यादीच्या कामाला गेले की वर्ग पाहायला कुणी नसतं. ताई, चार वर्ग एकत्र सांभाळता कसे?

सत्तरीहून, धागाकर्ती
बाय, सकाळचा पहिला तास फक्त पहिलीचा ठेव. तेवढ्यात तिसरी-चौथीला लिहायचं काम दे, आणि दुसरीतल्या प्रत्येकाला चौथीतलं एक मूल जोडून दे. चौथीतल्याने दुसरीतल्याचं वाचन ऐकायचं. माझा तो माटोळीवाला मुलगा चौथीत गेल्यावर दुसरीतल्या दोघांचं ऐकायचा. कुणी अडलं तर लगेच सांगायचा नाही, बोट अक्षरावर ठेवून थांबायचा.