जिवावरचं संकट टळलं की देवाचे आभार मानायचे की सीटबेल्टचे?

धागाकर्ता: मागच्या महिन्यात हायवेवर आमची गाडी दोनदा पलटली, आत चौघं होतो आणि चौघंही खरचटण्यावर सुटलो, एका ट्रकवाल्याने काच फोडून बाहेर काढलं. मी देव वगैरे फारसं न करणारा माणूस पण त्या दिवसापासून झोपताना आपोआप हात जोडले जातात. मित्र म्हणतो बेल्टला जोड. तुम्हाला काय वाटतं?

अर्धा_नास्तिक: मित्र बरोबर बोलतोय. तीन पॉइंटचा बेल्ट 1959 मध्ये व्होल्वोच्या निल्स बोहलिनने आणला आणि कंपनीने पेटंट असूनही बाकीच्यांना वापरू दिला, हात जोडायचे तर तिकडे जोडा. ग्रीसमधल्या डायागोरस नावाच्या नास्तिकाची गोष्ट रोमन लेखक सिसरोने लिहून ठेवलीय, त्याला कोणीतरी देवळात वादळातून वाचलेल्यांच्या नवसाची चित्रं दाखवली तर तो म्हणाला, बुडाले त्यांची चित्रं कुठायत?

पायरीचा_दगड: हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. आभार म्हणजे काय पुरावा असतो का? भागवतात कुंती विषप्रयोग, आग सगळं आठवून कृष्णाचे आभार मानते, आणि पुढे मागते काय तर संकटंच येत राहू देत, कारण तेव्हा तुझं दर्शन होतं. "मला वाचवलंस म्हणून तू आहेस" असा हिशोबच नाही त्यात!! बेल्ट बोहलिनचा, मान्य, पण रात्री दोनला दचकून जाग येते तेव्हा बोहलिनशी बोलता येत नाही राव.

गप्प_बसणारी: माझा भाऊ नाही वाचला. बेल्ट होता, आई रोज पूजा करायची. नंतर एक बाई घरी येऊन सांगून गेल्या की त्यांच्या मुलाला देवाने कसं अलगद उचललं. आईने त्यांना चहा दिला. तुम्ही आभार माना हो, फक्त कोणासमोर बोलताय ते बघा.

पायरीचा_दगड: ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. कुंतीचं उदाहरण तुमच्या आईंपुढे मी देणार नाही.

अर्धा_नास्तिक: +1. मी पण डायागोरस जरा फुशारकीनेच काढला होता.

धागाकर्ता: ताई, नातेवाइकांच्या ग्रुपवर "देव तारी त्याला कोण मारी" टाकलं होतं, आत्ता डिलीट केलं. हात मात्र जोडले जाणारच, ते माझ्या हातात नाही. आणि हे लिहिताना लक्षात आलं, त्या ट्रकवाल्याचं साधं नावपण विचारलं नाही मी.