मदत हवी आहे: ट्वायलाईट भाचीला देऊ की नको? रविवारच्या आत सांगा

जुनीवही:
रविवारी ताई येतेय, म्हणून घाई आहे. ट्वायलाईटचे, म्हणजे साधी मुलगी बेला आणि रक्तपिपासू एडवर्ड यांच्या त्या इंग्रजी प्रेमकथेचे, चारही भाग माझ्याकडे आहेत आणि भाचीने ते मागितलेत. देण्याआधी चाळावेत म्हणून परत वाचायला घेतले आणि तिसऱ्यात अडकले. तो इंजिन खोलतो ना, तिथे. पुढे वाचवत नाही. मोठेपणी ज्यांनी परत वाचलंय त्यांनी सांगा, देऊ का? "मुलांना हवं ते वाचू द्यावं" हे कृपया नको, ते मला पटलेलंच आहे.

कोकमसरबत:
भाची केवढी आहे? आणि इंजिन कोण खोलतं? मी फक्त २००८ चा सिनेमा पाहिलाय. निळसर उजेड आणि सारखा पाऊस, एवढंच आठवतंय.

तिसरा_मजला:
बिनधास्त द्या. मी चाळिशीत सगळे परत वाचले. दुसऱ्या भागात तो तिला सोडून जातो, आणि मग चार पानांवर नुसती महिन्यांची नावं आहेत: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी पान कोरं. माझा घटस्फोट झाला त्या वर्षी कोणी "कशी आहेस" विचारलं की मला ती कोरी पानंच आठवायची. त्यामुळे या पुस्तकांना कोणी सरसकट नावं ठेवली की मला लागतं.

निवृत्त_ग्रंथपाल:
पुस्तकं किती वर्षं कपाटात आहेत? पावसाळे काढले असतील तर कसर बघा. एक दिवस सावलीत, पानं विलग करून उभी ठेवा. उन्हात नको, पुठ्ठा वाकतो. बांधणीतली धूळ मऊ ब्रशने काढा आणि कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडी करून ठेवा. मुलीच्या हातात जाणारं पुस्तक आहे, डांबरगोळी नको.

जुनीवही:
काका, कसर नाहीये, पण आभार.
भाची तेरा वर्षांची, आठवीत. इंजिनचं असं: बेलाला तिच्या मित्राला, जेकबला, भेटायला जायचंय. एडवर्डच्या मते ते धोक्याचं. ती ट्रकमध्ये बसते, चावी फिरवते, गाडी ढिम्म. बघते तर शेजारच्या सीटवर हा, हातात इंजिनाचा एक छोटा भाग. ती चिडून घरात जाते आणि खोलीची खिडकी आपटून लावते, कारण रोज रात्री तो तिथूनच येतो. थोडा वेळ बघत उभी राहते, उसासा टाकते आणि खिडकी परत सताड उघडते. त्या खिडकीपाशी मी पुस्तक मिटलं.

कोकमसरबत:
गाडी बिघडवून ठेवली? हे तर कोंडून ठेवणंच झालं. तेरा वर्षांच्या मुलीला अजिबात देऊ नका.

रानभूल:
असहमत. जेकब नुकताच माणूस-लांडगा झालाय, त्याला राग आवरत नाही. त्यांच्यातल्याच एकाने रागाच्या एका क्षणात आपल्या माणसाचा चेहरा कायमचा फाडलाय. एडवर्डची भीती खोटी नाही, आणि पुढे तोच तिला जेकबकडे सोडायला जातो. मला जेकब जास्त खुपतो. तिची इच्छा नसताना तिचं चुंबन घेतो, ती ठोसा मारते, दुखापत तिच्याच हाताला होते आणि तिचा बाप उलट त्यालाच शाबासकी देतो. यावर कोणी बोलत नाही.
माझा सल्ला: आधी मिडनाईट सन वाचा. २०२० साली आलं, तीच गोष्ट एडवर्डच्या तोंडून. त्याची बाजू कळते.

तिसरा_मजला:
रानभूल, मिडनाईट सनमुळे माझं मत उलट बिघडलं. तो पहिल्यांदा खोलीत शिरतो तेव्हा खिडकी कुरकुरते, आणि पुढच्या वेळी तेल आणायचं असं त्याच्या मनात येतं. आपण वाईट करतोय हे कळतंय, तरी तेलाचा विचार! पहिल्या भागात हे आपल्याला माहीत नव्हतं, तेच बरं होतं.

अण्णा_६१:
मुलीला धारप द्या. अमावस्या, वाडा, कंदील, सगळं आपलं. इंग्रजी रक्तपिपासू कशाला?

रानभूल:
अण्णा, तिला प्रेमकथा हवीय. धारप वाचून झोप उडेल, तो वेगळा विषय. वेगळा धागा काढा, मी येते.

सिॲटलचा_पाऊस:
थोडं अवांतर, पण भाचीपर्यंत पोचवा. आम्ही फोर्क्सला, म्हणजे ही गोष्ट घडते त्या अमेरिकेतल्या गावाला, जाऊन आलो, सिॲटलहून गाडीने साडेतीन-चार तास. गावात बेलाच्या ट्रकसारखा लाल ट्रक उभा करून ठेवलाय, लोक फोटो काढतात. लेखिकेने अमेरिकेतली सर्वांत पावसाळी जागा इंटरनेटवर शोधली आणि हे गाव सापडलं. तिथून जवळच समुद्राकाठी ला पुश, क्विलियुट या मूळ रहिवासी जमातीची खरी वस्ती. पुस्तकातला जेकब याच जमातीचा. लांडग्यांपासून आपण झालो ही त्यांची मूळ कथा खरी आहे, बाकीचं लेखिकेने रचलेलं. त्यांची वस्ती त्सुनामीच्या वाटेत आहे. उंचावरची जमीन मिळावी म्हणून ते किती वर्षं झगडले, २०१२ च्या कायद्याने मिळाली. पुस्तकात त्यांची मुलं उघडी फिरतात आणि रागावतात, एवढंच. मला याचं फार वाईट वाटतं.

कोकमसरबत:
हे माहीत नव्हतं. पण मूळ प्रश्न राहिला. जुनीवही, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटतेय? मुलगी हुशार असेल तर इंजिनचं तिला कळेलच.

जुनीवही:
सांगते. आधी लिहायला धीर झाला नाही.
ही प्रत २००९ ची, मी अकरावीत होते. पेन्सिल हातात धरूनच वाचायचे. पहिल्या भागात, ती झोपलेली असताना आपण येऊन बघत बसतो हे तो कबूल करतो, तिथे माझी दुहेरी रेघ आहे आणि समासात लिहिलंय, "असाच पाहिजे". इंजिनच्या पानावर बदाम काढलाय.
कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मला असाच भेटला. माझ्या स्कूटीची चावी स्वतःकडे ठेवायचा, "अंधारात एकटी जाऊ नकोस" म्हणून. मैत्रिणी एकेक करून सुटल्या. दोन वर्षं मी त्याला काळजी म्हणत होते. पुस्तकामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण तो बदाम मी काढलाय, आणि भाची माझं अक्षर ओळखते.
रेघा खोडू का?

रानभूल:
माफ करा. मी एडवर्डची वकिली करत बसले होते.

निवृत्त_ग्रंथपाल:
पेन्सिल जुनी झाली की खोडून पुरती जात नाही. शिसं निघतं, दाब उरतो. उजेडात तिरकं धरलं की वाचता येतं, आणि मुलं तसं धरून बघतातच. मी नोकरीभर पुस्तकात लिहिणाऱ्यांना दंड केला, तरी तुम्हाला सांगतो, खोडू नका. त्याच्याखाली आजची तारीख घाला आणि आज जे वाटतं ते लिहा. पेन्सिलनेच.

तिसरा_मजला:
काकांना अनुमोदन. आणि ती खिडकी ओलांडून पुढे वाचा, अर्ध्यात सोडू नका.

जुनीवही:
रविवार रात्र. आल्या, जेवल्या, गेल्या.
पहिला भाग तिने मैत्रिणीकडून आधीच वाचला होता! एडवर्डबद्दल एक अक्षर नाही. विचारलं काय, तर "मावशी, बेला रोज बाबांसाठी स्वयंपाक का करते? शाळा तिलाही आहे ना?"

रानभूल:
अहो, ते काम तिने स्वतःहून मागून घेतलेलं असतं. बापाला अंडी आणि बेकन तळण्यापलीकडे काही येत नाही.

जुनीवही:
मीही तेच सांगितलं. म्हणाली, "मग त्याला शिकवायचं ना."
चारही भाग घेऊन गेली, रेघांसकट. बदामाखाली मी तीन ओळी लिहिल्यात.

कोकमसरबत:
काय लिहिलंत?