मदत हवी आहे : बीगलच्या मानेतील गादी सरकली आहे, पुढे कशी काळजी घ्यावी?

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. घरी पाच वर्षांचा बीगल आहे, मोती. आणि तासगावजवळच्या मळ्यावर आठ वर्षांचा कारवानी आहे. मोतीच्या मानेचे दुखणे गेल्या महिन्यात निघाले. त्याबाबत अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

पहिले लक्षण जेवणाच्या वेळी दिसले. मोती भांड्यापाशी जाऊन उभा राही, दूधभाकरीचा वास घेई, पण मान खाली घालत नसे. भांडे उचलून तोंडासमोर धरले की मात्र चाटूनपुसून संपवी. हाक मारली तर डोके न हलवता नुसते डोळे वर करून पाही. दुसऱ्या दिवशी तो उजवा पुढचा पाय अधांतरी धरू लागला. पंजात काटा मोडला असेल असे समजून मी बॅटरीच्या उजेडात त्याच्या बोटांच्या बेचक्या तपासत बसलो आणि पाय जरा वर उचलताच तो असा किंचाळला की आई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

डॉक्टरांनी पायाआधी मानेवरून बोटे फिरवली. कानामागचे स्नायू ताठ झाले होते आणि हात लागताच थरथरत होते. मानेतील मज्जातंतूच्या मुळावर दाब आला की कुत्रा पुढचा पाय असाच उचलून धरतो, हे त्यांनी समजावले. माणसाप्रमाणेच कुत्र्याच्या मानेतही सात मणके असतात. पहिल्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते, त्यामुळे मानेतील पहिली गादी दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांमध्ये येते, आणि लहान जातींमध्ये मानेचा त्रास बहुतेक वेळा तिथेच होतो. गादीच्या मध्यभागी मऊ गर असतो व त्याभोवती तंतूंचे कडे असते. हे कडे वरच्या, म्हणजे मज्जारज्जूच्या बाजूला पातळ असल्याने फुटलेला गर नेमका मज्जारज्जूकडे सरकतो. मानेत मज्जारज्जूभोवती मोकळी जागा तुलनेने जास्त असते, म्हणून अनेकदा पाय लुळे पडत नाहीत, पण वेदना मात्र असह्य होतात. मोतीचे तसेच झाले.

माझा समज अगदी उलटा होता. ससा दिसला की बांधामागून बांध ओलांडणाऱ्या लांब मानेच्या कारवानीलाच असा धोका असणार, असे मला वाटे. प्रत्यक्षात मानेची लांबी नव्हे, तर गादीची घडण महत्त्वाची आहे. डॅक्सहुंड, पेकिनीज, फ्रेंच बुलडॉग, कॉकर स्पॅनियल आणि बीगल यांच्या गादीतला गर वयाच्या पहिल्या वर्षाच्या आसपासच पाणी गमावून कडक होऊ लागतो, त्यात चुना साठतो, आणि मग तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान एखाद्या साध्या उडीनेही तो फुटू शकतो. बाराव्या गुणसूत्रावरील एफजीएफ-४ या जनुकाच्या जादा प्रतीशी याचा संबंध असल्याचे २०१७ मध्ये दाखवले गेले. डॅक्सहुंडला हा त्रास जास्त करून पाठीत होतो, बीगलला मानेत होण्याचे प्रमाण बरेच आहे. डॉबरमनचे दुखणे निराळे असते : उतारवयात, मानेच्या खालच्या मणक्यांपाशी, आणि चाल डगमगती होते. बीगलचे पाय डॅक्सहुंडइतके आखूड नसतात, म्हणून मी पाच वर्षे निर्धास्त राहिलो, याचे फार वाईट वाटते.

सध्या औषधे चालू आहेत आणि पिंजऱ्यातील सक्तीच्या विश्रांतीचा आज एकविसावा दिवस आहे. (शेजाऱ्यांनी प्रेमापोटी माणसांची दुखण्यावरची गोळी देऊ केली होती, ती आम्ही दिली नाही. आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते, हे कृपया सर्वांनी लक्षात ठेवावे.) मोती आता भांड्यापर्यंत मान नेतो, शेपूट हलवतो, आणि खरी अडचण इथूनच सुरू झाली आहे, कारण बरे वाटू लागल्यापासून तो पिंजऱ्याच्या दारावर पंजे मारून रात्रभर रडतो. डॉक्टरांनी सहा आठवडे पूर्ण करायला सांगितले आहे. ज्यांनी एवढी विश्रांती निभावली, त्यांनी कुत्र्याला कसे गुंतवून ठेवले?

एक्स-रेमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधील जागा अरुंद दिसली, पण त्यात मज्जारज्जू दिसत नाही. पुन्हा दुखू लागल्यास एमआरआय आणि मानेच्या खालच्या बाजूने करायची शस्त्रक्रिया, असा पर्याय डॉक्टरांनी मांडला आहे. सांगली, मिरज, कोल्हापूर परिसरात कुत्र्यांचा एमआरआय कोणी करून घेतला आहे का? शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अशा दुखण्यासाठी कोणी कुत्रा नेला असल्यास तोही अनुभव सांगावा. पुण्याला न्यायचे झाल्यास एवढ्या प्रवासात मान स्थिर कशी ठेवावी?

गळपट्टा आम्ही कायमचा काढला असून छातीवरून बांधायचा हार्नेस आणला आहे. पुढच्या पायांमध्ये घासणार नाही असा नमुना कोणता घ्यावा? आणि दिवाणावर उडी मारायची त्याची जुनी सवय आहे : उतार करून द्यावा, की दिवाणच बंद करावा? सोमवारी पुन्हा तपासणी आहे. त्याआधी कोणी लिहिले तर डॉक्टरांशी त्याप्रमाणे बोलता येईल.