पावसानंतर बंद पडलेले बॉडी कंट्रोल मॉड्यूल: दुरुस्ती करावी, जुने बसवावे की नवे घ्यावे?

वळणरस्ता यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या पेट्रोल गाडीच्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलविषयी, म्हणजे दिवे, काचा, वायपर आणि लॉकिंग सांभाळणाऱ्या बीसीएमविषयी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. गाडी सुमारे दहा वर्षे जुनी असून ती पावसात काही दिवस उघड्यावर उभी होती. त्यानंतर एकेक तक्रार सुरू झाली. प्रथम वायपर आपोआप फिरू लागले, मग सेंट्रल लॉकिंग बंद पडले आणि आता चारही दारांच्या काचा जागच्या हलत नाहीत. हेडलाइट स्विच बंद केला तरी दिवे चालूच राहतात. इंजिन कधी पहिल्या किल्लीला सुरू होते, तर कधी डॅशबोर्डवरील किल्लीचे चिन्ह लुकलुकत राहते आणि स्टार्टर फिरतच नाही.

स्कॅनर लावला असता इंजिनाच्या ईसीयूशी (नियंत्रक संगणकाशी) संपर्क होतो, बीसीएमशी मात्र होत नाही. यू०१४० हा कोड नोंदला गेला आहे. बॅटरी नवी आहे आणि गाडी उभी असताना १२.६ व्होल्ट दाखवते. फ्यूज डोळ्यांनी तपासले, ते शाबूत दिसतात. वर्कशॉपचे म्हणणे आहे की मॉड्यूल संपले, नवे मागवून प्रोग्रॅमिंग करावे लागेल. एका ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या मते भंगारातील गाडीचे मॉड्यूल बसवले तरी काम भागेल. मॉड्यूलमधील मूळ सर्किट बोर्डच दुरुस्त करून घ्यावा, असे आणखी एकाने सुचवले. यांपैकी कोणता मार्ग आधी धरावा?

तारजोडणी यांचे उत्तर

आपण विचारलेल्या तिन्ही मार्गांच्या आधी एक पायरी आहे आणि ती वगळली गेल्याचे आपल्या वर्णनावरून दिसते. यू०१४० या कोडचा अर्थ एवढाच की इतर मॉड्यूलना बीसीएमचे संदेश मिळत नाहीत. मॉड्यूल का गप्प आहे, हे तो कोड सांगत नाही. त्याला वीज पोहोचत नसेल, अर्थिंग कमकुवत असेल किंवा कॅनच्या, म्हणजे मॉड्यूलना एकमेकांशी जोडणाऱ्या संदेशांच्या जाळ्याच्या, जोडतारांत बिघाड असेल, तरी हाच कोड येतो. हेडलाइट चालू राहणे हेसुद्धा मॉड्यूल जळाल्याचा पुरावा मानू नका. संपर्क तुटला तर चालक अंधारात राहू नये म्हणून दिवे चालूच ठेवायचे, अशी सोय कित्येक गाड्यांत मुद्दाम केलेली असते.

सर्वप्रथम गाडीचा वायरिंग नकाशा मिळवा. बीसीएमला वीज एकाच तारेने मिळत नाही. दिव्यांसाठी एक, काचांसाठी दुसरी, लॉकिंगसाठी तिसरी आणि आतल्या प्रोसेसरसाठी आणखी एक, अशा अनेक पुरवठ्याच्या तारा वेगवेगळ्या फ्यूजमधून येतात. प्रोसेसरचा लहानसा फ्यूज गेला की बाकी सर्व ठीक असूनही मॉड्यूल मृतवत होते. फ्यूज जागेवर असतानाच त्याच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा, कारण केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही.

अर्थिंगची तपासणी ओहममीटरने करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. तारेतील एकच धागा शिल्लक असला तरी मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो, पण त्याच धाग्यातून काही अँपिअर प्रवाह जाऊ शकत नाही. त्याऐवजी दिवे चालू ठेवून मॉड्यूलची अर्थ पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. ते ०.१ व्होल्टच्या आत असावे. अर्धा व्होल्ट दिसला, तर दोष वायरिंगमध्ये आहे आणि नवे मॉड्यूल घेऊनही गाडी तशीच राहील.

त्यानंतर कॅन तपासा. बॅटरी सोडून ओबीडी सॉकेटच्या (जेथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक समांतर असल्यामुळे साधारण ६० ओहम मिळायला हवेत. १२० मिळाले, तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ मिळाले, तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मात्र काही गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे (जाळ्यांमध्ये संदेश पुढे पाठवणारे मॉड्यूल) असतो किंवा बीसीएम वेगळ्या, मंद गतीच्या जाळ्यावर असते. तेथे हे मोजमाप केवळ सॉकेटपर्यंतच्या तारांविषयी सांगते. म्हणून नकाशा हाती असल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

वळणरस्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले. सर्व फ्यूजच्या दोन्ही टोकांवर बॅटरीएवढेच व्होल्टेज आहे, अर्थिंगवरील घट नगण्य आहे आणि ६ व १४ मध्ये ६० ओहम मिळाले. नकाशानुसार बीसीएम त्याच जाळ्यावर आहे. मॉड्यूल बाहेर काढले तेव्हा एका कनेक्टरच्या दोन पिनांवर हिरवट थर आढळला आणि आवरणाच्या तळाशी पाण्याचे डाग होते. आता बोर्ड दुरुस्त होण्यासारखा आहे का, हे कसे ठरवावे?

सोल्डरधूर यांचे उत्तर

मी बोर्ड दुरुस्तीचे काम करतो आणि आपले वर्णन या व्यवसायात सर्वांत जास्त दिसणाऱ्या बिघाडाचे आहे. वीज, अर्थिंग आणि जाळे निर्दोष ठरल्यानंतरच मॉड्यूलवर संशय घेणे रास्त होते; ते आपण केले, हे फार चांगले झाले.

पाणी शिरले की सर्वाधिक हानी कायम १२ व्होल्ट असलेल्या पिनांपाशी होते. किल्ली काढलेली असली तरी तेथे वीज असते, त्यामुळे ओलाव्यातून अहोरात्र सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि धन बाजूचे तांबे विरघळत जाते. म्हणून गाडी नुसती उभी असतानाही बोर्ड खराब होत राहतो. आपल्या हिरव्या पिना नकाशात कायम पुरवठ्याच्या आहेत का, हे पाहा. माझा अंदाज आहे की त्या तशाच असतील. मॉड्यूल बाहेर काढलेच आहे, तर ते पुन्हा गाडीला जोडून ‘एकदा चालते का पाहू’ असे कृपया करू नका.

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी मेमरीची प्रत घेणे हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम आहे. बोर्डवर बहुधा आठ पायांची एक चिप असते, तिच्यावर २४, ९३ किंवा ९५ ने सुरू होणारा क्रमांक असतो. गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक, किल्ल्यांची नोंद, गाडीत कोणत्या सोयी आहेत याचा तपशील आणि काही गाड्यांत किलोमीटरचा आकडाही तिच्यात साठवलेला असतो. बोर्डवरचे रिले आणि ट्रान्झिस्टर बाजारात मिळतात, ही माहिती मात्र कुठेच विकत मिळत नाही. चिप बोर्डवर असतानाच वाचली तर शेजारचा प्रोसेसर मध्ये येऊन चुकीची माहिती मिळू शकते. म्हणून ती एकापेक्षा अधिक वेळा वाचावी, प्रती जुळतात का ते पाहावे आणि शंका असल्यास चिप उतरवून वाचावी. काही कंपन्यांच्या मॉड्यूलमध्ये ही माहिती प्रोसेसरच्या पोटातच असते. तेथे वेगळे उपकरण आणि अनुभवी हात लागतो.

पुढचे काम धीराचे आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड स्वच्छ करावा; पेट्रोल किंवा थिनर वापरू नये, त्याने प्लास्टिक आणि लेप दोन्ही खराब होतात. संरक्षक लेपाखाली पाणी सरकलेले असेल, तर वरून सर्व स्वच्छ दिसते आणि खाली तांब्याची रेघ नाहीशी झालेली असते, म्हणून भिंगाखाली पाहून संशयित रेघांची सलगता मोजावी. रिलेच्या पायांभोवती सोल्डरला गोल चीर पडली आहे का, तेही पाहावे. तुटलेल्या रेघेवर बारीक तार टाकून ती पूर्ववत करता येते. शेवटी टेबलावर प्रवाहाची मर्यादा घातलेल्या पुरवठ्यावर बोर्ड चालवून पाहावा आणि नव्याने लेप द्यावा.

प्रोसेसरच्या खाली गंज गेला असेल किंवा बोर्डच्या आतील थरांतील रेघा खाल्ल्या गेल्या असतील, तर मी स्वतः दुरुस्ती नाकारतो. असा बोर्ड काही काळ चालतो आणि भर रस्त्यात पुन्हा बंद पडतो.

चौथागिअर यांचे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे, फक्त दुरुस्ती अशक्य ठरली तर काय, याविषयी लिहितो. भंगारातील मॉड्यूल बसवले की काम भागते, हे विधान अर्धवट आहे. बाहेरून सारखे दिसणारे दोन बीसीएम आतून भिन्न असू शकतात, कारण एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या आवृत्तीत हार्डवेअर क्रमांक आणि सॉफ्टवेअर वेगळे असते. भाग क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. जुळला तरी त्या मॉड्यूलला दुसऱ्याच गाडीच्या किल्ल्या ठाऊक असतात, म्हणून इमोबिलायझर, म्हणजे अनोळखी किल्लीला अडवणारी यंत्रणा, इंजिन सुरू होऊ देणार नाही. यासाठीच मूळ मेमरीची प्रत मोलाची ठरते: ती दुसऱ्या मॉड्यूलमध्ये उतरवता आली, तर गाडीला बदल जाणवत नाही. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत प्रोसेसर कुलूपबंद असतो आणि उत्पादकाच्या सर्व्हरची परवानगी लागते. अशा गाड्यांसाठी नवे मॉड्यूल आणि अधिकृत कोडिंग हाच मार्ग उरतो. किलोमीटरचा आकडा बीसीएममध्ये असेल, तर बदलापूर्वीचा आकडा लेखी नोंदवून ठेवा, अन्यथा गाडी विकताना आपल्यावर विनाकारण संशय येईल.

प्रोग्रॅमिंग कोणीही केले, तरी तेव्हा बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा पुरवठा जोडलेला असावा. मध्येच व्होल्टेज घसरले तर नवे मॉड्यूलही निकामी होऊ शकते. गाडीच्या सर्व किल्ल्या सोबत न्या, कारण नोंदणी पुन्हा करताना हजर नसलेल्या किल्ल्या अनेक गाड्यांत रद्द होतात.

तारजोडणी

दुरुस्त केलेले असो वा नवे, मॉड्यूल परत बसवण्यापूर्वी दोन गोष्टी राहिल्या आहेत. पहिली, पाणी कुठून आले ते शोधा. समोरच्या काचेखालच्या जाळीतील पाण्याची वाट पानांनी तुंबणे, सनरूफच्या नळ्या बंद होणे किंवा हार्नेस (तारांचा जुडगा) जेथून केबिनमध्ये शिरतो तेथील रबर फाटणे, ही नेहमीची कारणे आहेत. कित्येकदा पाणी तारांच्या कडेने ओघळत थेट कनेक्टरपर्यंत येते. जाळीवर सावकाश पाणी ओतून आत कोणीतरी टॉर्च घेऊन पाहिले की वाट सापडते. हिरव्या पडलेल्या पिना हार्नेसच्या बाजूनेही बदलाव्यात. नुसते घासले तर पकड सैल राहते.

दुसरी गोष्ट वायपरची. ते सतत फिरत होते, तेव्हा मोटर किती प्रवाह ओढते हे स्वतंत्रपणे मोजून घ्या. अडकलेली मोटर किंवा अर्थला चिकटलेली तार तशीच राहिली, तर बोर्डवरील तोच भाग पुन्हा जळेल.

मॉड्यूल बसल्यावर सर्व कोड पुसून गाडी चालवा आणि पुन्हा वाचा. मग गाडी कुलूपबंद करून अर्धा-पाऊण तास थांबा आणि बॅटरीतून जाणारा प्रवाह मोजा. मीटर गाडी बंद करण्याआधीच जोडून ठेवावा, कारण मध्ये तार सोडली की सर्व मॉड्यूल पुन्हा जागी होतात. प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आला, तर बीसीएम व्यवस्थित झोपी जात आहे. त्याहून बराच जास्त राहिला, तर बोर्डवर ओलावा किंवा गळती अजून शिल्लक आहे असे समजून तो पुन्हा उघडावा.