फ्यूज उपटण्याआधी हँडब्रेक ओढून बघा
गाडी सुरू होताच दिवसाही आपोआप लागणारे पुढचे दिवे कसे बंद करायचे, यावर कोणीतरी लिहिलंय, 'फ्यूज काढला की दिवसाचे दिवे बंद'. अमेरिकेत चालेलही, तिथे हे दिवे सक्तीचे नाहीत. कॅनडात मात्र १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या प्रत्येक नव्या गाडीला ते लागतातच, त्यामुळे कायमचे बंद करण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

माझी अडचण कँपिंगपुरतीच होती. पहाटे माझी टकोमा (टोयोटाची पिकअप) सुरू केली की उजेड थेट शेजारच्या तंबूत, आणि मग शेजाऱ्यांचे चेहरे! त्यावर साधी युक्ती: हँडब्रेक ओढून मगच इंजिन सुरू करायचं. ब्रेक सोडेपर्यंत दिवे लागत नाहीत. जुन्या शेवरले पिकअपमध्येही हे चालतं. फक्त ब्रेक तसाच ठेवून गाडी पळवू नका, लायनर जळतील.