थिएटरात कोण रडलंय? (अनुभव धागा)

मखमलाबादकरीण: काल टीव्हीवर 'श्वास' लागला होता. ऑपरेशनच्या आधी आजोबा नातवाला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतात ना, तिथे माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. २००४ साली हा पिक्चर दादांबरोबर पाहिलेला. दादा म्हणजे माझे वडील. गारपिटीत द्राक्षबाग आडवी झाली तेव्हाही डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्या दिवशी मात्र सारखा चष्मा पुसत होते. बाहेर आल्यावर म्हणे, "एसी फार होता आत." एसी कुठला, पंखे होते! तुमच्याकडचेही किस्से लिहा.

सिडकोवाला: हाहाहा एसी! आमचे पप्पा "मिसळीचा ठसका" म्हणतात. मिसळ सकाळी खाल्लेली, पिक्चर रात्री नऊचा.

गोदाकाठ: सैराट. शेवटी आवाजच बंद होतो तिथे. तोवर शिट्ट्या मारणारं पब्लिक चिडीचूप. पार्किंगमधून गाड्या काढतानाही कोणी हॉर्न वाजवला नाही, आणि हे नाशिकात! व्हायोलिन लावून रडवणं सोपं आहे हो. (आमच्या हिला पटत नाही.)

मखमलाबादकरीण: त्या बाळाच्या पावलांचे ठसे... नको आठवण.

जुनी_पंचवटी: श्यामची आई. शाळेच्या मैदानात चादर बांधून दाखवला होता. जागा नव्हती म्हणून आम्ही मागच्या बाजूने बसलो, सगळी अक्षरं उलटी. रडू तेवढंच आलं.

पेठरोड७: गोदाकाठ +१. आपल्या फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' तर मूकपटच. तारामती झालेले अण्णा साळुंके, म्हणजे पुरुष. सगळं चेहऱ्यावर आणि हातवाऱ्यांवर पेलायचं.

दोन_मुलांची_आई: फाळके स्मारकावरून आठवलं, रविवारी पोरांना न्यायचंय. आधी पांडवलेणी की आधी स्मारक?

इंदिरानगर_उशिरा: मला पिक्चरमध्ये काही होत नाही. नवरा दगड म्हणतो. आई गेली तेव्हाही रडले नव्हते. सहा महिन्यांनी एक टुकार विनोदी पिक्चर बघत होतो, त्यात फोनवर कोणीतरी "जेवलीस का?" विचारतं. फुटलेच. आजूबाजूला सगळे हसत होते. शेजारच्या अनोळखी बाईने काही न बोलता पॉपकॉर्नचा डबा पुढे केला. खारट होते फार.

जुनी_पंचवटी: बाळा...

सिडकोवाला: ताई, मघाचा माझा विनोद मागे घेतो.

इंदिरानगर_उशिरा: अहो राहू द्या, हसले मी त्याला.

मखमलाबादकरीण: दादांना धागा वाचून दाखवला. म्हणतात, एसीच होता.

पेठरोड७: आधी पांडवलेणी. स्मारकात खेळून दमली की पोरं पायऱ्या चढत नाहीत. पाणी घरून न्या.