मदत हवी आहे : जिरायत मक्याला एकरी ताटं (रोपं) किती ठेवू?

कोरडा_माळ
नमस्कार मंडळी. गडहिंग्लजच्या पूर्व भागात हलकर्णीच्या बाजूला आमची दोन एकर जिरायत आहे. कोल्हापूर म्हटलं की लोकांना ऊस आणि गगनबावड्याचा पाऊस आठवतो, पण आमच्यापर्यंत यीस्तवर तो संपलेला असतोय राव, ढग नुसतं वरनं जात्यात. विहीर नाही, बोअर मारली ती कोरडी. एक एकर मध्यम काळं, दुसरं मुरमाड, फूटभर खणलं की पहार वाजतीय.

गेल्या खरिपाला मका केला. दुकानदार म्हणाला दोन ओळींत दोन फूट, ताटात आठ इंच, एकरी आठ किलो बी, तसंच टोकलं. जुलैभर असला हिरवागार की जाणारा येणारा थांबून बघायचा. मग तुरा आला आणि अख्खं आश्लेषा नक्षत्र, म्हणजे ऑगस्टचा पहिला पंधरवडा, कोरडं गेलं. तुरा वाळून झडला तरी कणसाला केस नाहीत, मुरमाडात तर निम्म्या ताटांना कणीसच नाही आणि जिथं होतं तिथं शेंडा बोडका.

औंदा पातळ करावं म्हणतोय तर आई म्हणती दाटच कर, दाणा नाही तर निदान म्हशींना वैरण तरी. तिचं पण चूक नाही, गेल्या वर्षी वैरणीनंच तारलं. एकरी नेमकी किती ताटं ठेवू, आणि दोन्ही एकरांना एकच माप की वेगवेगळं?

टोकणवाला
दादा, ६० बाय २० सेंमी म्हणजे एकरी साधारण ३३ हजार ताटं, ते पाण्याखालच्या रानाचं माप. तुमच्याकडं झालं ते असं की ताण पडला की तुरा वेळेवर येतो पण केस मागं पडतात, केस बाहेर येईपर्यंत तुऱ्यातला पराग उडून गेलेला असतो, मग दाणा धरत नाही. जेवढं दाट तेवढी वांझ ताटं जास्त.

काळ्यात ६० बाय ३० करा, २२ हजार बसतील. मुरमाडात ७५ बाय ३०, म्हणजे १८ हजार, त्याच्यावर अजिबात जाऊ नका. बी काळ्याला साडेसहा सात किलो, मुरमाडाला साडेपाच, मोठ्या दाण्याचं असलं तर थोडं जास्त. उगवून दहा बारा दिवसांनी विरळणी करा, म्हणजे जादा रोपं उपटून टाका, एका जागी दोन ताटं ठेवायचा मोह नको. ताटं कमी म्हणून युरिया जास्त असलं काही करू नका, तो ओल बघूनच थोडा थोडा करून टाकायचा.

रानवारा
अमेरिकेत नेब्रास्काकडं जिरायत मक्याला मधल्या ओळी रिकाम्याच सोडतात म्हणे, त्या पट्ट्यातली ओल फुलोऱ्यात कामाला येते. तसं करून बघा की?

टोकणवाला
तिथली जमीन खोल आहे हो, ओल खाली साठून राहते. ह्यांचा फूटभर मुरूम, त्यात काय साठणार? रिकाम्या पट्ट्यात नुसतं तण माजंल.

कोरडा_माळ
पण पाऊस चांगला झाला तर पातळ करून नुकसान नाही का होणार?

टोकणवाला
थोडं होईल. पण कणीस मोठं करणारं वाण घेतलं तर बरंचसं भरून निघतं, काही वाणं जागा मिळाली तरी कणीस तेवढंच ठेवतात, ती तुमच्या कामाची नाहीत. राहुरी कृषी विद्यापीठाचं मका संशोधन केंद्र कोल्हापुरातच आहे, गावाकडनं कोण जाणार असंल तर जिरायतीचं वाण विचारून या. आणि काढणीला कणसं सोलून बघा, शेंड्यापर्यंत गच्च भरली असतील तर पुढच्या साली दोन तीन हजार ताटं वाढवा, शेंडा बोडका दिसला तर अजून कमी करा.

आईंसाठी बांधाकडचे पाच सहा गुंठे वेगळे काढा, तिथं मका दाट फेका आणि हिरवाच कापा. एकाच रानातनं दाणा पण आणि वैरण पण असं मागू नका.

कोरडा_माळ
आईला वाचून दाखवलं. सहा गुंठ्यांवर भागत नाही म्हणती, दहा पाहिजेत, आणि ते काळ्यातलेच पाहिजेत 😄 दिले. मुरमाडात ७५ बाय ३० ठरलं. आता वाणाचं तेवढं कोणीतरी सांगा, मृगाआधी बी आणायचंय.